थांबण्याच्या जागा

चर्चासत्राच्या दुपारच्या बैठकीत नानांचा आवाज ऐकवला, आणि मला तो ओळखू आला नाही. आधी वाटलं, टेपचा स्पूल चुकला. विद्यापीठातून आलेल्या रंगनाथांकडे मी पाहिलं. ते यंत्रावर वाकून बसले होते, चेहरा शांत, कामात असलेल्या माणसाचा असतो तसा. कॉलेजच्या सभागृहातले पंखे बंद ठेवले होते, आवाज नीट यावा म्हणून. टेबलावर हिरवं कापड, त्यावर नानांचा फोटो, फोटोला झेंडूचा बारीक हार. त्या वर्षी फुलंही बारीकच आली होती. आणि फोटोशेजारच्या त्या करड्या पेटीतून कुणी एक माणूस भराभर बोलत होता. शहर बांधणाऱ्यांनी आधी पाणी आणलं मग माणसं आणली, नळ खापराचे होते, एकात एक बसवलेले, डोंगराच्या पायथ्यापासून पेठेपर्यंत सगळे जमिनीच्या पोटातून. वाक्यं नानांची होती. मला ती पाठ होती. 'पाणी' म्हणताना लागणारा तो किंचित गावाकडचा न, तोही त्यांचाच. तरी बोलणारा माणूस वेगळा होता. त्याला कुठेतरी जायची घाई होती. त्याच्या पाठीमागे कुणीतरी उभं होतं आणि ते त्याला ठाऊक होतं, असं काहीतरी. मी आजूबाजूला पाहिलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मागच्या रांगेत नानांचे जुने विद्यार्थी माना खाली घालून बसले होते. एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात होता. सगळ्यांनी त्याला ओळखलं होतं. फक्त मी, त्यांची मुलगी, पहिल्या रांगेत बसून एका परक्याचं बोलणं ऐकत होते. बोलणं संपल्यावर टाळ्या झाल्या तेव्हा मीही वाजवल्या.

नाना श्रावणात गेले. हे चर्चासत्र मार्गशीर्षातलं. मधल्या काळात पाऊस आलाच नाही आणि लोकांना बोलायला तोच एक विषय उरला, त्यामुळे माझी बरीच सोय झाली. भेटायला येणारे दारातच आभाळाकडे बघत आणि मग त्याच सुरात नानांबद्दल दोन शब्द बोलत. केडगावचं आमचं घर पुणे रस्त्याला लागून आहे. दिवसभर ट्रक जातात आणि भिंतीवरची भांडी किणकिणतात. या किणकिणण्यातच मी वाढले, शिकले, शाळेत नोकरीला लागले, आणि या आवाजातच नाना बोलायचे, किंवा बोलायचे थांबायचे. त्यांच्या थांबण्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. प्राध्यापक सहादेव निमसे वाक्याच्या मध्ये थांबत. शब्द आठवत नाही म्हणून नव्हे, अडखळून नव्हे. चालताना माणूस एखाद्या झाडापाशी उभा राहतो तसे ते उभे राहत. मग नाकाने एक छोटा श्वास घेत, त्याला अगदी बारीक शीळ असे, आणि वाक्य जिथे ठेवलेलं असे तिथूनच उचलत. कॉलेजात पोरं म्हणत, निमसे सरांच्या दोन वाक्यांमध्ये कापडबाजारात जाऊन चहा पिऊन येता येतो. घरीही तसंच. जेवताना ते म्हणत, "मनकर्णे, उद्या", आणि थांबत. आई हातातली भाकरी हातातच धरून उभी राही. मी लहान होते, मला राहवत नसे. मी मध्येच काहीतरी विचारी. मग आई माझ्याकडे न बघता म्हणे, "थांब. बोलत्यात अजून." ते गप्प असत आणि ही म्हणे, बोलत्यात अजून. पुष्कळ दिवस मला खरंच वाटे की ते बोलतायत आणि ते ऐकायचे कान मोठेपणी येतात.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशीही असंच झालं. खिडकीतून ऊन आत येत होतं, आई पेजेची वाटी घेऊन स्टुलावर बसली होती आणि मी पायांशी. नानांनी डोळे उघडले, म्हणाले, "मनकर्णे, ते", आणि थांबले. आम्ही थांबलो. आम्हाला सवय होती. वाटीतली पेज गार होत गेली, तिच्यावर साय धरली. नर्स आली आणि काही बोलायला लागली तेव्हा आईने न बघता तिच्यासमोर तळवा धरला. नर्स वाकली, नानांच्या मनगटाला हात लावला, आणि मग तिनेच आईचा तळवा हळूच खाली केला. ते कधी गेले हे आम्हाला सांगता आलं नाही. त्या थांबण्यात कुठेतरी. डॉक्टरांनी वेळ विचारली तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ बघून त्यात दिसलं ते सांगितलं.

बैठक संपल्यावर मी रंगनाथांपाशी गेले. ते वायर गुंडाळत होते. बहिःशाल विभागाच्या व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण गेली कित्येक वर्षं तेच करत; यंत्र घेऊन एसटीने गावोगाव जात. मूळचे बेलापूरचे, आईच्या माहेरच्या बाजूचे, म्हणून मला ताई म्हणत.

"छान आलंय ना, ताई?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "जरा घाईचं वाटलं."

"घाईचं न्हाई, भरीव." ते हसले. "स्पूल मोजून मिळतात आम्हाला. आणि सर तर तुम्हाला ठाऊक. पहिल्या वर्षी अर्धा स्पूल नुसता गप्प निघाला. साहेब म्हणाले, रंगनाथ, हे काय, शांतता रेकॉर्ड करायला पाठवलं होतं का तुला? तेव्हापासून मी हे सुरू केलं." त्यांनी यंत्रावरचा एक खटका दाबून दाखवला. "सर थांबले की दाबायचा. बोलले की सोडायचा. श्वास घ्यायचे ना ते? तो आला की सोडायची तयारी. हात असा बसला होता माझा की एक शब्द गेला न्हाई कधी. तुम्हाला जोड कळला कुठं?"

"नाही," मी म्हणाले. खरंच कुठे कळला नव्हता.

ते खूश झाले. त्यांनी स्पूलावरून बोट फिरवलं, जशी एखादी बाई आपण शिवलेल्या गोधडीवरून फिरवते.

त्या संध्याकाळपासून तो माणूस आमच्या घरात राहायला आला. असं लिहिताना मला संकोच वाटतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, नानांनी तसं वाढवलंच नाही. पण झालं ते असं. मी चहा करत होते आणि सहज आठवायला गेले, नाना मला हाक कशी मारत. 'पुष्पा' म्हणून. ती हाक आली, पण त्या पेटीतल्या माणसाच्या आवाजात, भर्रकन, आणि तिला जोडूनच पुढचं वाक्य. मी थांबले, पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा तोच. मग मला भीती वाटायला लागली आणि मी एकेक आठवण उघडून बघू लागले, घरात पाणी शिरल्यावर माणूस एकेक ट्रंक उघडून बघतो तशी. लहानपणी नाना मला कापूरवाडीच्या बाजूला घेऊन गेले होते, जुन्या नळाचा उघडा पडलेला तुकडा दाखवायला. शेतात एक ठेंगणा दगडी मनोरा होता. ते म्हणाले होते, हे नळाचं नाक आहे. नळ नुसताच लांब नेला तर हवा आत कोंडते आणि नळ फुटतो, म्हणून बांधणाऱ्याने मध्ये मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवल्या. मग त्यांनी मला जमिनीला कान लावायला सांगितलं होतं, आणि म्हणाले होते, "ऐकू येतंय?" आणि थांबले होते. तो ढेकळांचा वास, कानाला टोचणारं वाळलेलं गवत, डोळ्यांसमोरून जाणारा एक मुंगळा, नानांच्या चपला, हे सगळं त्या थांबण्यात होतं. आता ती आठवण आली तर तो माणूस म्हणाला ऐकू येतंय येतंय ना चल आता. गवत नाही, मुंगळा नाही. कान जमिनीला लागायच्या आत मी उठून उभी राहिलेली. हॉस्पिटलच्या आठवणीपाशी मी गेलेच नाही. तिथे त्याने काय केलं असेल ते बघायचं धैर्य मला झालं नाही. तेवढं एक वाक्य तरी अर्धं राहू दे, असं मी मनात म्हणत राहिले.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. ती नानांच्या एकाही व्याख्यानाला गेली नव्हती. "घरी ऐकते तेवढं पुरे हाय," ती म्हणायची आणि नाना हसायचे. चर्चासत्रालाही आली नाही. मी घरी आल्यावर तिने फक्त विचारलं, "लई माणसं हुती का?" मी हो म्हणाले. "मग बरं," ती म्हणाली, आणि नानांच्या आरामखुर्चीवरची चादर झटकून पुन्हा घातली. ती ती चादर रोज झटकत असे.

पौषात तिसगावहून गोरक्षनाथ आले. तिथल्या वाचनालयाचे ते चिटणीस. बहिःशाल व्याख्यानमाला त्यांच्याच खटपटीने गावात आली होती. दर हिवाळ्यात येताना हुरडा आणत, यंदा रिकाम्या हाताने आले आणि पिशवी नुसतीच घडी करून मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, "ताई, पत्रिका आधीच छापून झाल्या. सरांचं नाव त्यात हाय. विद्यापीठवाले म्हनले, दुसरा वक्ता देतो. चांगला हाय म्हनं. मी गावात इचारलं. लोक म्हनले, न्हाई. नळाचंच व्हायचं."

"पण नानाच नाहीत," मी म्हणाले.

"ते ठावं हाय सगळ्यास्नी." त्यांनी मांडीवरची पिशवी उलगडून पुन्हा घडी केली. "एक साल सर दुसरंच बोलले, मराठ्यांच्या इतिहासावर. चांगलं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं. मग आक्काबाई उठली, म्हनली, झालं का? आता नळाचं सांगा. तुमी निस्तं वाचलं तरी चालंल."

नाना कागद वापरत नसत. म्हणजे ते व्याख्यान आता एकाच ठिकाणी होतं. मी रंगनाथांना निरोप पाठवला, ते यंत्र घेऊन आले, आणि कॉलेजच्या ग्रंथालयामागच्या खोलीत मी त्या माणसासमोर बसले. तो बोले, मी लिही. हात भरून येई तेव्हा मी रंगनाथांना थांबवायला सांगे. ते खटका दाबत आणि तो माणूस शब्दावरच उभा राही. ते थांबणं नव्हतं. ते अडवून धरल्यासारखं होतं. खटका सोडला की तो धडपडत पुढे येई. लिहून झालं तेव्हा माझ्यापुढे कागदांचा एक गठ्ठा होता, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत शाईने भरलेला, आणि त्यात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मी का जात होते, हे मी स्वतःशीही नीट बोलले नव्हते. लोकांची इच्छा, नानांचं नाव, हे झालंच. पण खरं म्हणजे मला वाटत होतं की तिथे, जिथे ते पुन्हा पुन्हा बोलले, तिथल्या भिंतींना तरी त्यांचा आवाज माहीत असेल. तो मला परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

रंगनाथ आपण होऊन माझ्याबरोबर आले. "तुमचंही घेऊ की, ताई," म्हणाले. एसटीत त्यांनी यंत्र गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. करंजीचा घाट उतरताना दोन्ही बाजूंना रस्त्याची कामं चालली होती. डोक्याला फडकी बांधलेल्या बायकांच्या रांगा खडी फोडत बसल्या होत्या, आणि बसच्या आवाजात त्यांचे हातोडे नुसते वरखाली होताना दिसत, आवाज येत नसे. मी डोळे मिटून घेतले.

व्याख्यान शाळेच्या पडवीत होतं. दिवस मावळायला आला होता, पडवीतला दिवा लागला होता पण अजून त्याचा उजेड पडत नव्हता. कर्ती माणसं ऊसतोडीला गेलेली. समोर पटांगणात म्हातारी माणसं आणि बायका बसल्या होत्या, पुष्कळ, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच. कामावरून सरळ आलेल्या. केसांवर, भुवयांवर दगडाची पांढरी पूड. त्यामुळे सगळे चेहरे एकाच वयाचे दिसत होते. टेबलामागे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर तांब्याभर पाणी आणि वर उपडा पेला. ज्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता तिथला तो काठोकाठ भरलेला तांब्या मला बघवेना. मी एका खुर्चीकडे वळले तर गोरक्षनाथ हळूच म्हणाले, "ती न्हाई, ताई. ह्या बाजूला." मी दुसऱ्या खुर्चीवर बसले. त्यांनी उठून ओळख करून दिली. दरवर्षी करून देत असतील तीच: "आजचे वक्ते प्राध्यापक सहादेव निमसे सर यांची वळख तिसगावकरांना करून द्यायची गरज न्हाई. सर आपलेच हायेत. मी सरांना विनंती करतो." आणि ते बसले. कुणी दचकलं नाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सगळे माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते, आणि मी उठले तेव्हा ते माझ्याकडे बघू लागले, पण त्या बघण्यात काही फरक पडला नव्हता.

मी वाचायला लागले. शहर बांधणाऱ्यांनी आधी पाणी आणलं मग माणसं आणली नळ खापराचे होते. तो माणूस माझ्या तोंडातून बोलत होता, हे मला स्वच्छ ऐकू येत होतं. मीही तशीच धावत होते. समोर काहीतरी होऊ लागलं. कुजबुज नव्हती. एका ठिकाणी सगळ्यांच्या माना एकदम किंचित वर झाल्या, आणि मी पुढे गेले तशा त्या खाली आल्याच नाहीत, अधांतरी राहिल्या. पुन्हा एका ठिकाणी तसंच. जिन्यावर एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि तो रिकाम्यात पडावा, तसं त्यांचं होत होतं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी, काळीसावळी, हातावर हिरवं गोंदण, अस्वस्थपणे बूड हलवत होती. शेवटी ती बोललीच.

"बाय, थांब की हितं."

"आक्काबाई," गोरक्षनाथ दबक्या आवाजात म्हणाले.

"काय आक्काबाई? पोर दमंल न्हाई तर. मानसं आनली म्हनून झालं, आता थांब. सर हितं थांबत्यात." ती माझ्याकडे वळली. "मानसं यायला येळ लागतो का न्हाई?"

पलीकडून एक बाई तोंडाला पदर लावून हसली. "आक्का, तूच जा की वर. तुला समदं पाठ हाय."

"मला बोलाया न्हाई येत. थांबाया येतं."

मी थांबले. कागद हातात होता, पुढचा शब्द डोळ्यांसमोर होता, आणि मी थांबले. समोरच्या माना खाली आल्या. कुणीतरी मांडी बदलली. कुठूनतरी शेणीच्या धुराचा वास आला. आणि मग समोर बसलेल्या त्या सगळ्या माणसांनी मिळून एक छोटा श्वास घेतला, नाकाने. ते ठरवून नव्हतं. त्यांना ते ठाऊकही नसावं. पण इतक्या जणांचा तो एकच श्वास होता, आणि त्याला बारीक शीळ होती. मी पुढचं वाक्य म्हणाले.

त्यानंतर मी कागदाकडे बघायचं सोडलं. समोर बघत राहिले. ते मला दाखवत होते, इथे, इथे नाही, अजून जरा पुढे, इथे. आणि मी थांबत होते. दगडी मनोऱ्यांपाशी आलो. अंधार झाला होता. दिव्याचा उजेड टेबलापुरता होता, त्यांचे चेहरे आता दिसत नव्हते, नुसती केसांवरची पांढरी पूड. मी म्हणाले, "आता सगळे कान जमिनीला लावल्यासारखे बसा. ऐकू येतंय?" आणि थांबले. ही मोठी जागा होती, हे मला कुणी सांगायला नको होतं. कापूरवाडीला तीच होती. मी वाट बघू लागले. एक कुत्रं भुंकून गप्प झालं. एक बांगडी वाजली. मग तेही नाही. त्या शांततेला तळ नव्हता. माझ्या शेजारची खुर्ची माझ्या कोपराच्या इतकी जवळ होती की मला हात आखडून घ्यावासा वाटला आणि मी तो घेतला नाही. मी ऐकत होते. आयुष्यात कधी ऐकलं नसेल इतकं ऐकत होते. आता, मी मनात म्हणाले, आता. खोकला, शीळ, काहीही. एक अक्षर. रंगनाथ खाली यंत्रापाशी बसले होते, कानांना ते दोन काळे गोळे लावून. त्यांचा उजवा हात खटक्याकडे गेलेला मला दिसला. तो तिथेच राहिला. त्यांनी कानांवरचे गोळे काढले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा लावले. मला काही ऐकू येत नव्हतं. माझ्या स्वतःच्या कानांतली धडधड तेवढी.

मग अंधारातून, अगदी मागून, एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "येतंय." दुसऱ्या बाजूने एक बाई म्हणाली, "येतंय." मग आणखी कुणीकुणी, हळू हळू, देवळात एकेक जण घंटेला हात लावून पुढे सरकतो तसे. "येतंय." "येतंय की." आणि तो श्वास.

पुढचं मी कसं बोलले ते आठवत नाही. शेवटी टाळ्या वाजल्या नाहीत. तिसगावला त्या वाजवत नसत. गोरक्षनाथांनी आभार मानले, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि शेजारच्या खुर्चीपुढे क्षणभर ठेवून मग मला दिलं. लोक उठले. आक्काबाई काठी टेकत वर आली, माझ्या गालांवरून तिने हात फिरवला. तिच्या तळव्यांना खडीची धार होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "यंदा सरांचा आवाज जरा बसलाय. थंडी हाय."

मी म्हणाले, "आजी, बोलले मी."

"तू बोललीस की. मी कवा न्हाई म्हनले? तू थांबलीस, मग सर बोलले." तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. "तुला न्हाई का आलं ऐकू?"

ती आपला हात माझ्या गालावरून काढायची विसरली होती. "आगं बाई," ती हळू आवाजात म्हणाली, आणि वळून पायऱ्या उतरून गेली.

परत येताना रंगनाथांनी यंत्र पुन्हा मांडीवर घेतलं. घाट चढून वर आल्यावर म्हणाले, "ताई, खटका दाबला न्हाई मी."

"दिसलं मला."

"माणूस थांबला की दाबायचा, आपलं तसं असतं." गोधडीतल्या यंत्रावर ते हात फिरवत राहिले. "तुम्ही गप्प होतात. पण मला दाबायला जागाच सापडली न्हाई." नगरच्या स्टँडवर त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, "सोमवारी कॉलेजात आणून द्या. मी बहिणीकडे जाऊन येतो." मी काही मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारपर्यंत ते कोपऱ्यात तसंच पडून होतं. मला त्या स्पूलाची भीती वाटत होती, हे खरं आहे. त्यात काही नसेल याची नव्हे. नसणं मी तिसगावला भरपूर ऐकलं होतं. आई सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत बसली होती, आरामखुर्चीच्या पायांशी, उन्हाच्या पट्ट्यात. ती म्हणाली, "त्या पेटीत काय हाय?"

"माझं व्याख्यान. तिसगावचं."

"लाव की मग. तुझं कुठं ऐकलंय मी."

रंगनाथांनी दाखवलं होतं तसा मी स्पूल बसवला. खरखर झाली, गोरक्षनाथ बोलले, मग मी. माझा आवाज मला परका वाटला, पण आईला वाटला नसावा. ती खडे वेचत राहिली. आक्काबाईचं "बाय, थांब की हितं" आलं तेव्हा ती गालातल्या गालात हसली. मग थांबण्याच्या जागा येऊ लागल्या. रस्त्यावरून ट्रक गेला, भांडी किणकिणली. स्पूल फिरत होता. माझ्या आवाजाने विचारलं, ऐकू येतंय? आणि मी थांबले. कुत्रं भुंकलं. बांगडी वाजली. मग पेटीत नुसती ती शांतता फिरू लागली, आमच्या खोलीतल्या शांततेपेक्षा वेगळी, जाड, माणसांनी भरलेली. मी आईकडे पाहिलं. सुपातली तिची बोटं थांबली होती. तिने मान जराशी तिरपी केली होती, जेवायला वाढताना करायची तशी.

"हं," ती म्हणाली.

स्पूल फिरत होता.

"व्हय. ठेवलंय ते," आई म्हणाली. ती पेटीकडे बघत नव्हती, खुर्चीकडेही नाही, समोर, उन्हात. "खालीच ठेवलंय. तुमच्या हाताला यील असं."

हॉस्पिटलात नाना 'मनकर्णे, ते' एवढंच म्हणाले होते. मी म्हणाले, "आई, काय ठेवलंयस?"

तिने माझ्याकडे न बघता तळवा वर केला.

"थांब," ती म्हणाली. "बोलत्यात अजून."